पागेतील रिक्त पद

निवृत्त माणसाच्या पदरी निवृत्त घोडा यावा, हा योग कोणत्या ग्रहांच्या कृपेने घडून येतो हे ज्योतिष्यांनाच ठाऊक. परंतु महसूल खात्यात अव्वल कारकुनापर्यंत मजल मारून सुखाने घरी बसलेल्या माझ्या नावावर, आमच्या साडूंनी पुण्याला मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडी कायमचे राहावयास जाताना, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ऐन उमेदीच्या काळी हौसेने खरेदी केलेला आपला ‘बादल’ नावाचा घोडा चढवून दिला, आणि सातबाऱ्यावर कोठेही न येणाऱ्या या मिळकतीचा फेरफार केवळ तोंडी मंजूर झाला. बादलचे वय आज सव्वीस आहे. घोड्याच्या जातीत हे वय म्हणजे नातवंडांच्या मुंजी उरकून बसण्याचे. मिटमिट्याच्या पुढे, दौलताबादच्या रस्त्यापासून थोडे आत, एका पाटलांच्या मळ्यात तो दरमहा खुराकीवर राहतो. या खुराकीत कडबा, चंदी, पाणी, लीद काढणे आणि रात्रीची राखण या सर्व बाबी अंतर्भूत आहेत. सोबत मात्र अंतर्भूत नाही.

ही सोबत म्हणजे निव्वळ चैन नव्हे. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो हे सर्वश्रुत आहे. परंतु खऱ्या गाढ निद्रेसाठी त्यालाही अंग जमिनीवर टाकावे लागते, आणि विश्वासाचे कोणी पहाऱ्यावर असल्यावाचून हा कळपातला भित्रा जीव सहसा ते धाडस करीत नाही. बादलचा पहारा एक वृद्ध टांग्याची घोडी करीत असे. गेल्या हिवाळ्यात ती निवर्तली, आणि बादलने कुंपणाच्या कडेने येरझारा घालून तेथे पायवाट पाडली, चंदीचा तोबरा अर्धा टाकला, व रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक फटफटीस उद्देशून खिंकाळण्यास आरंभ केला.

“भाऊसाहेब,” पाटलांचा फोन आला, “घोडं खाईना, बसंना. सोबतीला रात्रीचा एक गडी ठेवू का?”

“गडी नको, पाटील,” मी म्हणालो, “माणसांची सोबत त्याने जन्मभर केली आहे.”

रिक्त पद भरण्यापूर्वी पूर्वीचे दाखले पाहावेत, ही खात्याची शिस्त अजून माझ्या अंगातून गेलेली नाही. तेव्हा थेट कौटिल्यापर्यंत गेलो. अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात, युद्धाने, व्याधीने किंवा जरेने निकामी झालेल्या घोड्यांस सरकारातून पोसावे अशी तरतूद आहे, आणि अश्वशाळेत वानर, मयूर, ठिपक्यांची हरणे, मुंगूस, चकोर, पोपट व साळुंकी यांचा राबता असावा असेही स्पष्ट नमूद आहे. यांपैकी साळुंक्या व पोपट पाटलांच्या मळ्यात विनावेतन हजर होतेच. हरणाची दरखास्त वनखाते काय म्हणेल या विचाराने मी दप्तरी दाखल केली. आणि वानराविषयी बोलायचे तर, पंचतंत्रात पेटलेला मेंढा घोड्यांच्या पागेत शिरल्यावर भाजलेल्या घोड्यांना राजवैद्यांनी वानरांच्या चरबीचा लेप सांगितल्यापासून त्या पदास लायक उमेदवार फिरकत नसावेत.

मलिक अंबराने 1610 साली खडकी वसविल्यापासून ज्या नगरीने निजामशाही, मोगल आणि आसफजाही अशा तीन सत्तांची घोडदळे पोसली, त्या आमच्या संभाजीनगरात एका म्हाताऱ्या घोड्याला जातीचा सोबती मिळू नये, हा काळाचा महिमा होय. टांगे गेले, नालबंद शोधावा लागतो, आणि उरलेली घोडी लग्नाच्या परण्यात नवरदेव वाहतात. त्यांपैकीच एक तरणेबांड तट्टू चातुर्मासात बेकार असल्याने अल्प मोबदल्यात आले. रीतीप्रमाणे त्याचे मागचे नाल काढले, काही दिवस मध्ये कुंपण ठेवून दोघांना नाकानाकाने ओळख करून घेऊ दिली, नंतर दावणीला दोन वेगळे तोबरे बांधले. तट्टू आपला तोबरा क्षणार्धात संपवून बादलच्या तोबऱ्यात तोंड घाली. बादलच्या दाढा झिजलेल्या, एक घास संपेपर्यंत याचे दोन होत. शिवाय दूर कोठे ताशाचा आवाज आला की ते जागच्या जागी नाचू लागे व बादल दचकून दुसऱ्या टोकास जाई. इतके असूनही तुळशीचे लग्न लागताच ते कामावर रुजू होण्यास निघून गेले, तेव्हा बादलने पुन्हा आक्रोश मांडला. ज्या सहकाऱ्याच्या नावाने वर्षभर बोटे मोडली त्याच्याच निरोपसमारंभात गहिवरून भाषण करणारे इसम मी कचेरीत पाहिले होते, म्हणून मला नवल वाटले नाही.

यानंतर वीटभट्टीवरील एका गाढवाचे नाव पुढे आले. वृत्तीने गंभीर, खाण्यात मितव्ययी, अनुभव दांडगा. परंतु पशुवैद्यांनी हरकत घेतली. गाढवाच्या फुप्फुसात एक प्रकारचे जंत सुखाने नांदतात, त्याला साधा ठसका लागत नाही, आणि त्याच कुरणात चरणारा घोडा मात्र खोकून बेजार होतो. जंताचे औषध देऊन घ्यावे असेही ते म्हणाले, पण भट्टीचा मालक तेवढ्यात भाव वाढवून बसला. पाटलांची एक वगार एका दुपारपुरती हंगामी नेमण्यात आली. तिने हौदात बैठक मारली, तो विषय तेथेच मिटला.

राहता राहिली शेळी. अमेरिकेतील सीबिस्किट या नामांकित शर्यतीच्या घोड्याला प्रथम अशीच एक शेळी दिली होती, आणि त्याने ती दातांत धरून तबेल्याबाहेर भिरकावली होती. पुढे पम्पकिन नावाच्या तट्टाने ती जागा भरली. हा इतिहास मी पाटलांना सांगितला. “त्या घोड्याला दात होते,” पाटील म्हणाले, आणि छावणीच्या आठवडी बाजारातून एक काळीभोर उस्मानाबादी शेळी घेऊन आले.

शेळी आली ती मुलाखतीस आल्यासारखी बुजलेली नव्हती. चौकशीस आलेल्या वरिष्ठासारखी तिने प्रथम दावण पाहिली, मग हौद, मग बादल. म्हाताऱ्या घोड्याला कडबा नीट चावता येत नाही; तो चघळून चघळून त्याचे ओले बोळे तोंडातून खाली टाकतो, आणि पाटील ते रोज झाडून काढीत. शेळीने त्यांतला एक हुंगला, खाल्ला, आणि पुढच्याची वाट पाहत बादलच्या पुढच्या दोन पायांमध्ये उभी राहिली. बादलने मान खाली घालून तिच्या पाठीवर एक दीर्घ फुत्कार सोडला, आणि दुसरा बोळा टाकला. हाच तो रुजू अहवाल समजावा.

आता बादल पहाटे आडवा होतो, शेळी त्याच्या पोटाशी रवंथ करीत बसते. पहाऱ्याचे काम ती कितपत करते याविषयी मला शंका आहे, कारण ती स्वतःच डोळे मिटून असते; पण बादलची तक्रार नाही, आणि ज्याची तक्रार नाही त्या कामाची तपासणी होत नसते. बादलच्या शेपटीचे केस मात्र तिने गुडघ्याच्या उंचीवर सरळ रेषेत कातरले आहेत. भिजवलेला कोंडा व हरभऱ्याची चुणी त्याला देतेवेळी तिला बाहेर बांधावे लागते, कारण शेळीने पोटभर चंदी खाल्ली तर तिचे पोट फुगून प्राणाशी गाठ पडते. त्या अर्ध्या तासात ती जो ओरडा करते तो दौलताबादच्या किल्ल्यावर ऐकू जात असावा.

पाटील दरमहा हिशेबाचा कागद पाठवितात, त्यात शेळीचा चारा ‘सादिलवार’ या सदराखाली असतो. हे सदर त्यांना मीच शिकविले. गेल्या महिन्यात शेळीला दोन करडे झाली. त्यांतले एक निजलेल्या बादलच्या पाठीवर चढून उभे राहते असे कळते. या महिन्याच्या कागदात पाटलांनी पेन्सिलीने विचारले आहे, की कर्मचाऱ्याच्या अवलंबितांची खुराकी मालकाकडे की पागेकडे. प्रकरण मी ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून परत पाठविले आहे.