पन्नास वॉटचा समीक्षक

तालुक्याच्या गावातला सामुदायिक रेडिओ आणि त्यावर दर आठवड्याला स्थानिक लेखकांच्या मुलाखती घेणारे सर, ही महाराष्ट्रात आता ओळखीची जोडी आहे. सर बहुधा मराठीचे निवृत्त शिक्षक असतात. नसले तरी माईकसमोर बसल्या दिवसापासून सगळे त्यांना सरच म्हणतात. मानधन चहापुरतं. आवाज शाळेच्या मैदानावर कमावलेला, त्यामुळे रेकॉर्डिंग करणारा मुलगा त्यांना मागे सरका, मागे सरका म्हणत अर्धा तास काढतो. लेखक कुणीही असो, सरांच्या तोंडी तो 'सिद्धहस्त' होतो. दुसरं पुस्तक आलं की 'ज्येष्ठ'. पहिला प्रश्न ठरलेला: लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली? शेवटचाही ठरलेला: नवोदितांना काय सांगाल? मधल्या वेळात सरांनी कुणाच्याही पुस्तकाला कधी वाईट म्हटल्याची नोंद नाही, आणि शहाणी माणसं त्यांना हसतात ती यावरूनच. माझं म्हणणं असं, की हा दोष सरांच्या स्वभावाचा नसून ट्रान्समीटरच्या ताकदीचा आहे.

असा ट्रान्समीटर साधारण पन्नास वॉटचा असतो आणि त्याचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे जात नाही. त्या वर्तुळात लेखक राहतो, छपाईचे पैसे देणारा त्याचा मेहुणा राहतो, प्रस्तावना लिहिणारे मुख्याध्यापक राहतात आणि सरांचे व्याहीही राहतात. मुंबईच्या समीक्षकाने कादंबरी झोडपली, तर ज्याला लागायचं तो निदान दुसऱ्या उपनगरात असतो. सरांनी झोडपली, तर लेखक दुसऱ्या दिवशी डेअरीच्या रांगेत त्यांच्या पुढेच उभा. शिवाय लेखकाशिवाय सरांचं चालतही नाही. 2006च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रं काढायला वाट दिली, पण निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत अशी अटही घातली. स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई. द्यायच्या तर आकाशवाणीच्या. मग वेळ भरायचा कशाने? सोयाबीनवरची अळी फार तर हंगामभर पुरते. लेखक बारमाही असतो, न बोलावता येतो आणि थांबवल्याशिवाय थांबत नाही. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली सांगितलं. तिच्यात आपला वाटा आहे, हे कवीला कोर्टाने सांगावं लागलं नाही.

यावर कुणी म्हणेल, की अशा सरसकट कौतुकाने साहित्याचा गळा घोटला जातो. आक्षेप वजनदार आहे, पण कौतुक एवढा एकच पुरावा धरून चालणार नाही. सरांची खरी समीक्षा ऐकायची असेल, तर गाणी मोजावीत. केंद्राच्या संग्रहात गावातल्या भजनी मंडळाची आणि जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणं असतात. पुस्तकात दम असेल, तर अर्ध्या तासात एखादीच ओवी लागते. संग्रह कच्चा असेल, तर दर पाच मिनिटांनी 'एक छोटंसं भजन ऐकू या' असं होतं. तिसऱ्या भजनाला जाणता श्रोता काय ते समजतो आणि लेखक मात्र आपल्या कवितेला भक्तिरसाची जोड मिळाली म्हणून सुखावतो. रविवारच्या पुरवण्यांतल्या कित्येक परीक्षणांत एवढाही निवाडा नसतो.

दुसरा आक्षेप, सर पुस्तक वाचत नाहीत. खरं आहे, पण ते श्रोत्यांनीही वाचलेलं नसतं, कारण प्रती दुकानात नसून लेखकाच्या पलंगाखाली असतात. त्यामुळे 'या पुस्तकात काय आहे?' हा सरांचा भाबडा प्रश्न वर्तुळातल्या प्रत्येकाचाच प्रश्न असतो. तेवढ्यापुरतं न वाचणं माफ. अर्ध्या तासापुरतं नाही. कारण प्रेरणेचा प्रश्न कुणालाही विचारता येतो आणि त्याचं उत्तरही कुणाचंही चालतं: आई, शाळेतले गुरुजी, काळी माती. त्याऐवजी माणदेशातल्या आत्मचरित्रकाराला सरांनी विचारून पाहावं, की 1972च्या दुष्काळात खडी फोडायला कुठल्या रस्त्यावर होतात आणि सुकडी कोण वाटायचं? लेखक चाचपडेल, मग खरं बोलू लागेल. आणि लगेच केंद्राचा फोन वाजेल, कारण त्याच रस्त्यावर खडी फोडलेली बाई चार किलोमीटरवर ऐकत असते. ज्या जवळिकीने सरांची समीक्षकाची जीभ बांधली, तिनेच त्यांना साक्षीदारांचा श्रोतृवर्ग दिला आहे. शंभर शहरांत ऐकू जाणाऱ्या खासगी एफएमला तो विकत घेता येणार नाही. माणदेशातली जितीजागती माणसं कथेत आणणारे व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांत वर्षानुवर्षं काम करत होते. गावचं लेखन आणि रेडिओ एकमेकांना परके नाहीत, याला एवढा दाखला पुरे.

तेव्हा सरांकडून पुस्तकाचा निकाल मागू नये, तपशील मागावा. लेखकांनी पुस्तक आठ दिवस आधी पोचवावं आणि शाल-श्रीफळाची आशा घरी ठेवून यावं. सरांनी निदान मधली वीस पानं वाचावीत. श्रोत्यांनी चूक ऐकली की फोन करावा. आणि प्रेरणेच्या प्रश्नाची सेवा आता पुरे झाली. सर निवृत्त झालेच आहेत, त्यालाही करावं.