रजादान: नोकरी सोडणाऱ्यांसाठी शास्त्रोक्त पद्धत

नोकरी सोडताना टीमला पेढे, ऑफिसबॉयला बक्षिसी आणि कंपनीला आपली शिल्लक पीएल, म्हणजे भरपगारी रजा, द्यायची, अशी आपल्याकडे रीत आहे. पहिल्या दोन गोष्टी लोक हात आखडून देतात. तिसरी मात्र सढळ हाताने आणि बहुधा नकळत. नकळत केलेल्या दानाचे पुण्य लागत नाही, म्हणून विधी नीट समजून घ्यावा.

तयारी राजीनाम्याच्या कितीतरी आधी सुरू होते. रजा मागायचीच झाली तर तोंडी मागावी. ‘‘बघू, क्लोजिंग होऊ दे’’ असे उत्तर आले की हसून जागेवर बसावे. मेल चुकूनही करू नये. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहिता या बाबतीत फार आगाऊ आहेत. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा द्या म्हणतात, तीस दिवसांपर्यंत ती पुढच्या वर्षात न्या म्हणतात, आणि अर्ज करूनही नाकारलेली रजा असेल तर तिला ही मर्यादाही नाही म्हणतात. नकाराचा एक कागद हाती आला की दानाचा बेत फिसकटलाच.

मध्येच कधी साहेब म्हणाले, ‘‘पगार तोच राहील, पण कार्डावर मॅनेजर छापू,’’ तर लगेच हो म्हणावे. वरचा हक्क कामगाराचा. मॅनेजर झालात की तुमची रजा नेमणूकपत्र आणि एचआर पॉलिसीच्या हवाली. मात्र कार्डावर काय छापलेय यापेक्षा माणूस दिवसभर काय काम करतो हे न्यायालये बघतात. घरात कोणी वकील असेल तर त्याच्यासमोर हा विषय काढू नये.

आता राजीनामा. तो देण्यापूर्वी पोर्टलवरच्या शिल्लक रजेचा स्क्रीनशॉट काढणे हा अविश्वास झाला. काही दिवसांनी लॉगिन बंद होते, म्हणजे मोहच उरत नाही. पॉलिसीत दोन वाक्ये असतात: नोटीस पिरियडमध्ये रजा मिळणार नाही, शेवटच्या दिवशी शिल्लक असलेली रजा लॅप्स होईल. ती सलग वाचू नयेत, डोके फिरते.

कायदा म्हणतो, कामगाराने नोकरी सोडल्यावर त्याचे पैसे दोन कामाच्या दिवसांत चुकते करा. एचआर म्हणते, ‘‘फुल अँड फायनलची प्रोसेस पंचेचाळीस दिवसांची आहे.’’ मान डोलवावी. तरीही नेटाने रजेचे पैसे देणारी कंपनी भेटलीच, तर निदान हिशेब तपासू नये. समजा बेसिक 26,000 आणि शिल्लक रजा 22 दिवस. 26 ने भागले तर 22,000 होतात, 30 ने भागले तर 19,067. ग्रॅच्युइटी काढताना कायदाच 26 ने भागतो. पण तीन हजारांसाठी सोमवारी सकाळी अकाउंट्समध्ये जाऊन भागाकार कोण काढणार?

काही माणसे काढतात. एका ग्रामीण बँकेतून राजीनामा दिलेले कर्मचारी थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले. 2024 मध्ये न्यायालयाने सांगून टाकले की रजेचे पैसे पगारासारखेच, म्हणजे माणसाची मालमत्ता. कायद्याचा आधार नसताना ती हिरावून घेता येत नाही. अशा लोकांमुळे दानधर्माची परंपरा धोक्यात येते. ‘‘तसेही टॅक्समध्येच जाणार होते’’ हे समाधानही सरकारने ठेवलेले नाही. खासगी नोकरीतल्यांसाठी करमाफीची कमाल मर्यादा 2023 मध्ये 3 लाखांवरून 25 लाखांवर गेली, आणि काही अटींसह ती राजीनाम्यालाही लागू आहे.

शेवटी ‘माझे कंपनीकडे कोणतेही येणे बाकी नाही’ असा कागद समोर येईल. हिशेबाची शीट अजून आलेली नसेल. तिची वाट पाहू नये. रिलिव्हिंग लेटर त्याच टेबलावर, थोडे पलीकडे, एचआरच्या कोपराखाली असते. ‘निषेध नोंदवून सही’ वगैरे लिहिण्याइतकी जागा कागदावर असते, पण तिथे तारीख घालावी. सहीसाठी पेन एचआरकडूनच मागून घ्यावे आणि आठवणीने परत करावे. ते कंपनीचे आहे.