मधले दोन किलोमीटर

व्हाइटफील्ड वसलं तेच मुळी बेंगळुरूपासून लांब राहायचं म्हणून. १८८२मध्ये म्हैसूरचे महाराज चामराज वोडेयर यांनी युरेशियन अँड अँग्लो-इंडियन असोसिएशनला सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. संस्थेचे पुढारी होते डी. एस. व्हाइट, त्यांचंच नाव गावाला मिळालं. मंडळींनी गोल आखणीत घरं बांधायची, शेती करायची आणि शहराच्या गर्दीकडे पाठ फिरवायची, असा बेत होता. शेती काही फारशी पिकली नाही, वस्तीही बेताचीच राहिली. मूळ उद्देश मात्र असा काही साधला, की त्यानंतरच्या एकाही सरकारला तो हाणून पाडता आलेला नाही. बेंगळुरू आजही व्हाइटफील्डपासून लांबच आहे.

नकाशात पाहाल तर शहराच्या मध्यावरच्या मॅजेस्टिकपासून वीसेक किलोमीटर. बरं, वाहतुकीची सोय नव्हती असंही नाही. कँटोन्मेंटहून जोलारपेट्टईला रेल्वे गेली ती १८६४ साली आणि ती याच बाजूने गेली. म्हणजे गाव वसलं तेव्हा रूळ येऊन अठरा वर्षं झाली होती. आधी गाडी, मग वस्ती! असला उलटा उद्योग बेंगळुरूने पुन्हा कधी केला नाही. १९९८मध्ये आयटीपीएल या इथल्या आयटी पार्कच्या काचेच्या इमारती उघडल्या आणि मेट्रो आली २०२३मध्ये. मधली पंचवीस वर्षं लोकांनी ३३५-ई नंबरच्या बसमध्ये काढली. काहींची मुलं त्या काळात इंजिनिअर होऊन त्याच बसला लटकू लागली.

पत्त्याचीही एक गंमत आहे. व्हाइटफील्ड रीतसर बेंगळुरूच्या महापालिकेत आलं २००७ साली, म्हणजे वसल्यावर सव्वाशे वर्षांनी. मग सप्टेंबर २०२५मध्ये त्या महापालिकेचे पाच तुकडे झाले आणि व्हाइटफील्ड ‘बेंगळुरू पूर्व’मध्ये गेलं. शहरात शिरायला सव्वाशे वर्षं लागली आणि बाहेर पडायला अठरा. इथल्या वाहतुकीत जायच्या वाटेपेक्षा यायची वाट लवकर सुटल्याचं हे एकमेव नोंदलेलं उदाहरण असावं.

आता मेट्रोकडे वळू. २५ मार्च २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कृष्णराजपुरा ते व्हाइटफील्ड या १३.७१ किलोमीटरच्या मार्गाचं उद्घाटन झालं. स्टेशनं बारा. शहराच्या बाजूची मेट्रो बैयप्पनहळ्ळीपर्यंत येऊन २०११पासून वाट पाहत उभी होती. बैयप्पनहळ्ळी आणि कृष्णराजपुरा यांच्यामध्ये राहिले होते फक्त दोन किलोमीटर. तिथे बेन्निगनहळ्ळीला रेल्वेचे रूळ ओलांडून जायचं होतं आणि त्यावरचा पूल झालेला नव्हता. म्हणजे व्हाइटफील्डची मेट्रो व्हाइटफील्डहून निघायची आणि शहराच्या उंबऱ्याशी येऊन ‘उतरा’ म्हणायची.

मग एवढी घाई कशाची? २९ मार्चला निवडणूक आयोगाने कर्नाटक विधानसभेच्या निवडणुकीची तारीख जाहीर केली आणि आचारसंहिता लागली. दोन किलोमीटर थांबू शकत होते, चार दिवस थांबू शकत नव्हते.

पुढचे सहा महिने लोकांनी जे केलं त्याला प्रवास म्हणत नाहीत, कवायत म्हणतात. कृष्णराजपुऱ्याला जिने उतरायचे, फीडर बसच्या रांगेत उभं राहायचं, बसमध्ये ‘मुंदे होगी, मुंदे होगी’ ऐकत पुढे सरकायचं, तिथल्या झुलत्या पुलाखालची कोंडी बघायची, बैयप्पनहळ्ळीला उतरून पुन्हा जिने चढायचे आणि मघाशीच तपासलेली बॅग पुन्हा त्या यंत्रातून काढायची. डबाही तोच, त्यातली पोळी-भाजीही तीच. पण दोन किलोमीटरमध्ये माणसाच्या मनात काय येईल सांगता येत नाही, म्हणून पुन्हा तपासणी.

तो मधला तुकडा सुरू झाला ९ ऑक्टोबर २०२३ला, गाजावाजा न करता. फीत नाही, मंडप नाही. पंतप्रधानांनी पडद्यावरून रीतसर लोकार्पण केलं ते नंतर, लोक आधीच बसून गेले होते. हे मला फार सूचक वाटतं. तुकड्याला पंतप्रधान जातीने आणि जोडाला नुसते पडद्यावरून. साहजिकच आहे म्हणा. सांध्यावर संगमरवरी पाटी लावायला जागा असते कुठे?

मला या सगळ्या प्रकरणात एवढंच दिसतं, की वीस किलोमीटर हा इथला प्रश्न कधीच नव्हता. अडतं ते मधल्या दोनपाशी. आणि ते दोन एका ठिकाणचे मिटवले की दुसरीकडे उगवतात.

हे मला माझ्या डोंबिवलीच्या आत्याने दाखवलं. डोंबिवलीकर माणूस वाहतुकीच्या बाबतीत कुणाचं कौतुक करत नाही. पण गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात नाटक बघून मॅजेस्टिकला मेट्रोच्या जांभळ्या मार्गिकेत बसलो आणि तासाभराच्या आत व्हाइटफील्डला उतरलो, तेव्हा ती गप्प झाली. डोंबिवलीकराकडून एवढी पावती पुष्कळ.

“इथून घर किती लांब रे?” तिने स्टेशनाबाहेर विचारलं.

“सव्वा किलोमीटर.”

“मग रिक्षा कशाला बघतोस? चल, पाय मोकळे होतील.”

फूटपाथ सुरू झाला तो गुडघ्याएवढ्या उंचीवर. आत्याला हात देऊन वर घेतलं. दहा पावलांवर फरशी गायब, खाली गटार. पुढे ट्रान्सफॉर्मर, त्याच्या कुंपणाला इंटरनेटच्या काळ्या केबलची भेंडोळी, मग शहाळ्यांचा ढीग. खाली उतरलो तर रस्ता वाहता, म्हणून परत वर चढलो, तर मागून फूटपाथवरूनच एक स्कूटर हॉर्न वाजवत आली. आम्ही बाजूला झालो. चूक आमचीच होती, आम्ही चालत होतो.

“आमचा स्टेशनचा जिना परवडला बाई,” आत्या म्हणाली. “गर्दी असते, पण तो जिना असतो.”

शेवटी रिक्षा. अ‍ॅपवर भाडं ठरलं, रिक्षावाल्याचा फोन आला, ‘एल्लिगे?’ म्हणून. कुठे ते सांगितल्यावर वर आणखी वीस रुपये ठरले. सव्वा किलोमीटरला जे मोजलं त्यात मेट्रोने बरंच दूर जाता आलं असतं. तशी मेट्रोही आता स्वस्त राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये तिचं सर्वाधिक भाडं एका झटक्यात ६० रुपयांवरून ९० झालं. ओरड झाल्यावर पाच दिवसांत काही टप्प्यांचं थोडं उतरलं, नव्वद मात्र नव्वदच राहिले.

“बस नाही का? तुमच्याकडे बायकांना फुकट आहे म्हणे,” आत्याने दुसऱ्या दिवशी आशेने विचारलं. आहे. जून २०२३पासून ‘शक्ती’ योजनेत साध्या बसमध्ये बायकांना शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. फक्त ओळखपत्र कर्नाटकातलं पाहिजे. आत्याचं आधार ठाणे जिल्ह्याचं. “आमच्याकडे एसटीत अर्धं तिकीट आहे, ते इथे लावत नाहीत का?” असं तिने कंडक्टरला मराठीत विचारलं. त्याने कन्नडमध्ये उत्तर दिलं आणि दोघांनाही आपलंच म्हणणं पटलं.

सरकार काही करत नाही असं कुणी म्हणू नये. सप्टेंबर २०२५मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी अझीम प्रेमजींना पत्र लिहिलं, की आउटर रिंग रोडवर इब्लूरला फार कोंडी होते, तर तुमच्या सर्जापूर रस्त्यावरच्या विप्रोच्या आवारातून काही गाड्या जाऊ द्याल का? गर्दीच्या वेळची कोंडी तीसेक टक्क्यांनी कमी होईल, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. प्रेमजींनी नम्रपणे नाही म्हटलं. आवार खासगी आहे, विशेष आर्थिक क्षेत्र आहे, आतून रहदारी नेता येणार नाही. हवं तर वाहतुकीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करा, खर्चाचा मोठा वाटा आम्ही उचलू. नागरिकांनी सरकारकडे रस्ता मागायचा, हे जुनं झालं. आता सरकार कंपनीकडे रस्ता मागतं आणि कंपनी सरकारला अभ्यासाला बसवते.

दरम्यान हेब्बाळ ते सिल्क बोर्ड असा सुमारे १७ किलोमीटरचा बोगदा खणायचं घाटतंय. खर्च १७ हजार कोटींच्या वर. तो व्हाइटफील्डला येत नाही आणि त्यातून जाणार आहेत मोटारी. दर किलोमीटरला हजार कोटी पडले तरी जमिनीखालून जाऊ, पण जमिनीवर फूटपाथची फरशी बसवणार नाही, या निष्ठेला तोड नाही.

आणि रेल्वे? तीही आहे, कागदावर. २० जून २०२२ रोजी १४८ किलोमीटरच्या उपनगरी रेल्वेची पायाभरणी झाली. चाळीस वर्षं रखडलेलं चाळीस महिन्यांत करून दाखवू, असं पंतप्रधानांनी सांगितलं होतं. चाळीस महिने ऑक्टोबर २०२५मध्ये भरले, तेव्हा चारपैकी एकाही मार्गिकेवर गाडी धावत नव्हती. नावं मात्र सगळी फुलांची आहेत. संपिगे, मल्लिगे, कनक आणि केंगेरी ते व्हाइटफील्डच्या वाट्याला पारिजात. सत्यभामेने हट्टाने पारिजात आपल्या अंगणात लावून घेतला आणि फुलं रुक्मिणीच्या अंगणात पडली, तरी तिच्याकडे निदान झाड तरी होतं. इथे कुंपणावर पाटी आहे. तोवर १८६४च्या त्या जुन्या मार्गावरून बंगारपेट-मारीकुप्पमच्या गाड्या कोलारकडची माणसं रोज व्हाइटफील्डला आणून सोडतात, अंगात घाम आणि खिशात मासिक पास. त्या गाडीला कुणी फुलाचं नाव ठेवलेलं नाही.

इथवर वाचून पुणेकर गालात हसत असतील, तर त्यांच्यासाठी एक आकडा. टॉमटॉमच्या २०२४च्या वाहतूक निर्देशांकात जगातल्या सर्वांत संथ शहरांमध्ये बेंगळुरू तिसरं आलं, दहा किलोमीटरला ३४ मिनिटं १० सेकंद. चौथं पुणे, ३३ मिनिटं २२ सेकंद. आघाडी ४८ सेकंदांची. एवढ्यात सिग्नलही सुटत नाही.

हिंजवडीच्या मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८मध्ये झाली. त्यानंतर तिथे मेट्रोपेक्षा तारखाच जास्त धावल्या. जुलै २०२५मध्ये अजित पवारांनी हिंजवडीत फिरताना कॅमेऱ्यासमोरच वैताग काढला, की इथलं आयटी पार्क बेंगळुरू आणि हैदराबादला चाललंय. पुढे दोनच महिन्यांत ब्लॅकबक या कंपनीने इकडे जाहीर केलं, की येण्याजाण्याला एका बाजूचा दीड-दीड तास लागतो, रस्ते खड्ड्यांचे, तेव्हा आम्ही आउटर रिंग रोडवरचं बेल्लंदूरचं कार्यालय सोडतोय. शहर सोडत नाही, असा खुलासाही मागाहून आला. तेव्हा हिंजवडीहून निघालेल्या मंडळींनी जागेची मुळीच काळजी करू नये. बेल्लंदूरला एक मजला रिकामा आहे. फक्त सामानाचा टेम्पो रात्री अकरानंतर आणावा.