चांदीच्या खांबाला टेकून

बुऱ्हाणपूरच्या इतिहासात बादशहा, बेगमा, किल्ले आणि मोहिमा यांची इतकी दाटी आहे की साध्या माणसाला उभं राहायला जागा मिळत नाही. तरी मला त्या गर्दीत राहून राहून दिसतो तो एक मागणारा गृहस्थ. इंग्लंडच्या जेम्स राजाचा वकील सर टॉमस रो हा जहांगीरच्या भेटीसाठी सुरतेहून अजमेरला निघाला होता, आणि नोव्हेंबर 1615 मध्ये तो वाटेत आमच्या गावी, बुऱ्हाणपूरला, थांबला. इथे जहांगीरचा मुलगा शहाजादा परवेझ याचा दरबार भरत असे. कोतवालाने रोला सांगितलं, जमिनीला डोकं टेकावं लागेल. रोने नकार दिला. मग त्याने वर शहाजाद्याजवळ येऊन उभं राहण्याची परवानगी मागितली, मिळाली नाही. निदान खुर्ची द्या म्हणाला. उत्तर आलं, इथे कुणी बसत नसतं. मात्र पाहुणा दूरचा, म्हणून एवढी सवलत मिळाली की, छताला आधार देणारा चांदीने मढवलेला खांब आहे, त्याला हवं तर टेका. आणि त्या खांबाला टेकून त्याने इंग्रजांना या गावात वखार घालू द्यावी अशी मागणी केली, तर ती परवेझने तिथल्या तिथे मान्य करून फर्मान काढायला सांगितलं!

खुर्ची नाही, पण वखार घ्या. मागणाऱ्याने काय मागितलं याला फारसा अर्थ नसतो, कुठे उभं राहून मागितलं याला असतो, असं तेव्हाच्या दरबाराचं मत असावं. पुढची गोष्ट आणखी गमतीची आहे. परवेझने रोला खाजगी भेटीसाठी दुसरीकडे बोलावलं. नजराण्यात दारूच्या बाटल्यांची एक पेटी होती, ती शहाजाद्याला वाटेतच भेटली. रो ताटकळत बसला. शेवटी निरोप आला, की आज भेट व्हायची नाही; कळलं ते असं, की हुजूर शुद्धीवर नाहीत. मागायला जाताना काय घेऊन जाऊ नये, याचा इतका चांगला धडा मला दुसऱ्या कुठल्या वकिलातीच्या इतिहासात सापडला नाही.

रोने ही हकीकत आपल्या रोजनिशीत लिहिली आहे. खुर्चीबद्दल त्याने वापरलेला शब्द आहे ‘डिमांड’. त्या काळच्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसतं विचारणं, मागणं असाही होता. आज तोच शब्द मुठी आवळून मोर्चात चालतो. शब्दांचीही माणसांसारखी बढती होते, आणि बढतीनंतर ते जुन्या ओळखी विसरतात. ‘रिक्वेस्ट’ मात्र अजून नम्र राहिला आहे. मूळ लॅटिन क्रियापद शोधण्याचं, विचारण्याचं. ‘क्वेश्चन’ हा त्याचा सख्खा भाऊ. त्याच्या आसपास आस्क, बेग, एन्ट्रीट, पिटिशन, सॉलिसिट अशी मोठी भावकी नांदते, त्यांत कुणी गुडघ्यावर, कुणी वकिलाच्या कोटात. पण आमच्या गल्लीत आला तो एकटा रिक्वेस्ट, आणि त्याने येताच सगळ्यांची कामं आपल्याकडे घेतली. लूमवाल्या मालकापासून केळीच्या बागाइतदारापर्यंत जो तो म्हणतो, ‘एक रिक्वेस्ट होती.’

त्या ‘होती’वर मी फिदा आहे. मागणं आत्ताचं, गरज उद्याची, आणि क्रियापद भूतकाळातलं! ‘जरा काम होतं’, ‘थोडे पैसे हवे होते.’ आपला माणूस मागणी तोंडातून बाहेर पडायच्या आतच तिला मागच्या तारखेत ढकलतो, म्हणजे समोरच्याने नाही म्हटलं तरी ते कालच्या माणसाला लागावं.

रिक्वेस्ट यायच्या आधी आमच्याकडे या कामाला माणसं कमी नव्हती. विनंती होती, विनवणी होती, मनधरणी होती, गळ घालणं होतं. आर्जव तर मोठं बेरकी: संस्कृतात त्याचा अर्थ सरळपणा, ऋजुता; मराठीत येईपर्यंत ते कमरेत इतकं वाकलं की ओळखू येऊ नये. आणि अर्ज! अरबीतून फारसीमार्गे आलेला हा शब्द मराठी माणसाला कचेरीत भेटतो, पण बुऱ्हाणपूरसारख्या विणकरांच्या गावात तो कापडाच्या दुकानातही भेटतो. तिथे अर्ज म्हणजे कापडाची रुंदी. पुढ्यात पसरून ठेवणं हा दोन्हींतला समान धागा. म्हणून कचेरीबाहेर कागद धरून उभा असलेला माणूस पाहिला की मला वाटतं, याने आपल्या आयुष्याचा पन्हाच साहेबांसमोर उलगडला आहे. आमच्या कचेरीची भाषा हिंदी, तेव्हा मथळा ‘सविनय निवेदन’ असतो. घरी येऊन तोच माणूस बायकोला मराठीत सांगतो, ‘अर्ज देऊन आलो.’ दोन भाषांत मिळून एकच काम, आणि ते बहुधा पुढच्या मंगळवारच्या जनसुनावणीत.

घरातली मागणी याहून सूक्ष्म. माझी आजी कधीच काही मागत नसे. ती शेजारच्या काकूंकडे जाई, पाऊसपाण्याचं बोले, नातवंडांची चौकशी करी, आणि पदराखालची वाटी हळूच या हातातून त्या हातात घेई. ताकाला जाऊन भांडं लपवू नये असं म्हणणाऱ्या पूर्वजांना भांडं लपवण्यातली कला कळलीच नाही. काकूही मुरलेल्या, त्या गप्पा न तोडता उठत आणि विरजण घेऊन येत. मागणंही झालं नाही आणि देणंही. फक्त दिवेलागणीनंतर आजी जात नसे, कारण त्या वेळी मीठ, विरजण, सुई मागू नये. ती वेळ टळली की आमच्याकडे दूध विरजणाशिवाय रात्र काढी.

मराठ्यांनी 1681 मध्ये बुऱ्हाणपूरचं बहादूरपूर हे उपनगर लुटलं, तेव्हा मागण्याचा यातला कुठलाही शब्द वापरला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करायला हवं.

रो खांबाला टेकला होता, त्या वेळी शहाजाद्याच्या नावाने इथला खरा कारभार पाहत होता खानखानान अब्दुर्रहीम, म्हणजे आपला दोहेवाला रहीम. मागण्याने थोर माणूसही लहान होतो, खुद्द विष्णूलाही वामन व्हावं लागलं, असं सांगणारा कवी आणि परदेशी याचक दोघे एकाच गावात, एकाच हिवाळ्यात! रहीम दान देताना नजर खाली ठेवत असे, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो नसो, त्याच्या काळातला कुंडी भंडारा अजून आहे: सातपुड्याच्या पायथ्याचा पाझर जमिनीखालच्या बोगद्यातून आणि शंभरावर विहिरीसारख्या कुंड्यांमधून उतारानेच गावाकडे आणलेला. पाण्यासाठी कुणाला कुणाच्या दारात उभं राहावं लागू नये, अशी ती सोय होती. मागणाऱ्यांवर दोहे लिहिणाऱ्याने न मागता मिळण्याची व्यवस्थाही बघावी, हे मला फार आवडतं.

रो जवळजवळ तीन वर्षं जहांगीरच्या दरबारात मागत राहिला; हवा होता तो तह त्याला मिळालाच नाही. तुम्ही बुऱ्हाणपूरला आलात, तर त्याच्यासारखं अवघड काही मागू नका. मावा जिलेबीच्या कढईसमोर उभे राहा आणि नुसतं विचारा, ‘गरम आहे का?’