अंधाराचा अर्जदार

खोल आकाशाचा हौशी छायाचित्रकार हा रात्री जागणाऱ्या माणसांपैकी एक प्रकार असून वाशिम जिल्ह्यात तो तुरळक आढळतो. चंद्राचे किंवा ग्रहणाचे फोटो काढणाऱ्यांशी त्याची गल्लत करू नये. केलेली त्याला खपत नाही. त्याला हवे असतात ते तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका. या गोष्टी इतक्या मंद असतात की मिनिटा-मिनिटाचे, तीन-तीन मिनिटांचे शेकडो फोटो काढून ते संगणकात एकावर एक रचावे लागतात, तेव्हा कुठे एक चित्र हाती लागते. ते पाहून मेव्हणा विचारतो, "नेटवरून काढलं का?" पेशाने हा गृहस्थ बहुधा विज्ञानाचा शिक्षक, बँकेतला कारकून किंवा मेडिकलवाला असतो. जात, पंथ, पक्ष यांवरून तो ओळखू येत नाही. सकाळच्या पाळीतल्या जांभयांवरून येतो.

वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो 1 जुलै 1998 रोजी, आणि 2018 मध्ये केंद्र सरकारने त्याला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातले. जिल्ह्याची आकांक्षा काय आहे हे कोणत्याही चौकात मान वर केली की कळते: हायमास्ट. आमदार निधीतून नाहीतर खासदार निधीतून उंच खांबावर दिव्यांचे कडे चढते, खाली नावाची पाटी लागते, नारळ फुटतो. ज्या गावांनी पिढ्या चिमणी-कंदिलावर काढल्या त्यांना या उजेडाचे अप्रूप वाटले तर नवल नाही. अख्ख्या वॉर्डात त्यावर नाराज असा माणूस एकच, आणि त्याला ती नाराजी चारचौघांत बोलूनही दाखवता येत नाही. जॉन बॉर्टल या अमेरिकी निरीक्षकाने 2001 मध्ये आकाशाच्या काळोखाच्या नऊ पायऱ्या ठरवून दिल्या. पहिली म्हणजे निखळ अंधार, नववी म्हणजे महानगराचा मध्य. आपले घर कितव्या पायरीवर आहे हे या गृहस्थाला स्वतःच्या रक्तगटाआधी आठवते. मृगातल्या तेजोमेघाचा प्रकाश सुमारे 1,300 वर्षे चालून इथे पोचतो. तो निघाला तेव्हा वत्सगुल्मच्या, म्हणजे आजच्या वाशिमच्या, वाकाटकांचे राज्य बुडून दीड-दोनशे वर्षे झाली होती. एवढी वाट त्याने बिनतक्रार तुडवली आणि शेवटच्या पन्नास फुटांत हायमास्टने त्याला गाठले, हे सांगताना या गृहस्थाचा आवाज कापतो.

जुने पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा त्याने त्यांना शिव्या दिल्या. आता त्यांची आठवण काढतो. त्यांचा उजेड बराचसा 589 नॅनोमीटरच्या आसपास असे आणि फिल्टरने त्यातला मोठा वाटा अडवता येई. नवा पांढरा एलईडी सगळ्याच रंगांत सांडतो. त्यावर तो दुहेरी फिल्टर घेतो. हा फिल्टर हायड्रोजनची 656 नॅनोमीटरची तांबडी आणि ऑक्सिजनची 501 जवळची निळसर हिरवी रेषा तेवढी आत सोडतो. पुष्कळसे तेजोमेघ याच रेषांत उजळत असल्याने ते वाचतात. देवयानी दीर्घिका मात्र ताऱ्यांची बनलेली, तिचा प्रकाश सगळ्या रंगांचा. तिच्यापुढे फिल्टर हात टेकतो. मग उरतो तो वेळ. आकाशाचा उजेड मागाहून संगणकावर वजा करता येतो, पण वजा होते ती त्याची सरासरी. त्या उजेडाने आणलेला नॉइज, म्हणजे चित्रातली खरखर, जागचा हलत नाही. आकाश चौपट उजळ असेल तर त्याच दर्जाच्या चित्राला चौपट वेळ लागतो. हे गणित तो कोणालाही तोंडपाठ म्हणून दाखवतो आणि पुन्हा गच्चीवरच जाऊन बसतो.

शेतात न जाण्याची कारणे त्याच्यापाशी आहेत, आणि ती खरी आहेत. गाव मागे टाकले की जिल्ह्यात अजून चांगला अंधार मिळतो, पण तो रिकामा नसतो. हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायला, रोही आणि रानडुकरे हाकलायला शेतकरी जागलीवर असतो. मध्यरात्री परक्या माणसाने धुऱ्यावर तिवई रोवून नळी आभाळाकडे रोखली की दुरून हाक येते, "कोन हाय रे तिकडं?" आणि पाठोपाठ बॅटरीचा झोत, थेट भिंगात. खुलासा झाल्यावर शेतकरी जवळ येऊन बसतो, तंबाखू मळतो आणि सोयाबीनचा भाव पुढं काय राहील हे या यंत्रात दिसतं का, असे विचारतो. त्या रात्री दुसरे काही होत नाही.

त्याचे वर्ष ऑक्टोबरात सुरू होते. जून ते सप्टेंबर पाऊस, आणि नेमका तेव्हाच धनू राशीकडचा आकाशगंगेचा गाभा सोयीच्या वेळी वर आलेला असतो, तो ढगांमागून निघून जातो. सोयाबीनच्या मुलखात पावसाने दडी मारल्याचा आनंद होणारा माणूस सुरक्षित नसतो. टपरीवर सगळे आभाळाकडे पाहून हळहळतात तेव्हा हाही हळहळतो आणि घरी येऊन बॅटऱ्या चार्जिंगला लावतो. अक्षांशाच्या बाबतीत मात्र वाशिम भाग्यवान आहे. 20 अंश उत्तरेवरून ओमेगा सेंटॉरी हा दक्षिणेकडचा प्रचंड तारकागुच्छ क्षितिजाच्या वीसेक अंश वर येतो. लंडनच्या छायाचित्रकाराला तो कधीच दिसत नाही. ओळख झाल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत लंडनचा उल्लेख होतो तो यामुळे.

चंद्र हा शत्रू. कोजागरीला सारे गाव गच्चीवर आटीव दूध पीत असते तेव्हा हा खाली दार लावून मागच्या पंधरवड्याचे फोटो रचत बसतो. अमावास्येला गाव खाली आणि हा वर. अंधाराला सरावलेले डोळे बिघडू नयेत म्हणून कपाळावर तांबडा दिवा, अंगावर काळी शाल, तोंडाने आकडे पुटपुटणे चालू. त्याचा परिणाम व्हायचा तो होतो. जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये झाला. तो आपल्याला का लागू होत नाही हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावून सांगण्याची पाळी विज्ञानाच्या शिक्षकावर येते.

साहित्यात सर्वांत महाग दुर्बीण नसून तिच्याखालचे माऊंट असते. पृथ्वी फिरते म्हणून तारे सेकंदाला 15 विकला सरकतात, माऊंट त्यांच्यामागे तेवढ्याच वेगाने फिरते. त्याची किंमत घरी सांगताना एक शून्य गळते आणि कुरियर शाळेच्या पत्त्यावर येते. कॅमेरा एखाद्या फोटो स्टुडिओवाल्याने चार लग्नसराया वापरून विकलेला. साध्या कॅमेऱ्यात संवेदकापुढची काच हायड्रोजनचा तांबडा रंग बहुतांशी अडवते, म्हणून ती काढून टाकावी लागते. मग तो कॅमेरा तेजोमेघ झकास टिपतो आणि बाकीचे जग लालसर. हाच कॅमेरा मेव्हणीच्या लग्नात नेल्यास नवरी, नवरदेव आणि पंगतीतला भात एकाच रंगाचे येतात, आणि नेटवरचा तो प्रश्न मेव्हणा पुढे जन्मभर विचारतो.

रात्रीचे काम ध्रुवताऱ्यापासून. माऊंटचा आस पृथ्वीच्या आसाशी समांतर करावा लागतो आणि त्याची खूण म्हणजे ध्रुव. आपण ज्या अक्षांशावर, तितकेच अंश तो क्षितिजावर. म्हणजे वाशिमला जेमतेम 20. बाळ ध्रुवाला देवाने अढळपद दिले, पण उत्तरेच्या शेजाऱ्याने पाचशे लिटरची टाकी बसवली की ते पद टाकीमागे जाते. शेजाऱ्याच्या दुसऱ्या मजल्याला हा हरकत घेतो ती भिंतीच्या वादावरून नव्हे; पण खरे कारण सांगितल्यावर वाद वाढतो, म्हणून तो भिंतीचेच सांगतो. माऊंटच्या चुका सुधारणाऱ्या फुकट प्रणालीचे नाव पीएचडी असल्याने आई नातेवाइकांना सांगते, "पोराचं पीएचडी चालू हाय, रातभर जागते."

गावातली लाइन जाणे हा त्याचा परमानंदाचा क्षण. हायमास्ट विझतो, आकाशगंगा उमटते, याची यंत्रे बॅटरीवर चालू असतात, आणि तेवढ्यात आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर माणसे मोबाइलच्या बॅटऱ्या लावून वर येतात. "तुमच्याइकडची बी लाइन गेली का जी?" असे झोत इकडून तिकडे फिरतात. लाइन येते.

खरे आयुष्य जाते ते संगणकापुढे. टिपलेल्या फोटोंना दोन प्रकारच्या बिनकामाच्या दिसणाऱ्या फोटोंची जोड लागते. झाकण लावून काढलेले काळे फोटो संवेदकाच्या उष्णतेचा नॉइज दाखवतात. ते मूळ फोटोंच्याच तापमानाला काढावे लागतात. पौषातल्या रात्रीचे तापमान वाशिमच्या एप्रिलात एकाच ठिकाणी मिळत असल्याने फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी एक कॅमेरा आपोआप खटखट करत असतो. दुसरे कोरे फोटो: दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा दुपट्टा ताणून, तिन्हीसांजेच्या आभाळाकडे तोंड करून काढलेले. काचेवरची धूळ आणि कडांचा काळोख त्यातून कळतो. दुपट्टा सासऱ्यांचा असतो.

मग डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल या फुकट प्रणाली सगळे एकत्र रचतात. शंभर फोटो रचले की प्रकाशाच्या तुलनेत नॉइज दहाव्या हिश्शावर येतो. तो आणखी निम्म्यावर आणायचा तर आणखी तीनशे लागतात. या हिशेबामुळेच या छंदाला शेवट नाही. रचलेले चित्र उघडावे तर काळेठिक्कर. सगळा ऐवज काळ्याच्या तळाशी दबलेला असतो, तो ताणून वर काढावा लागतो. ताणले की आधी वर येते ते गाव: एका कोपऱ्यातून बसस्थानक, दुसऱ्यातून चौक, तिसऱ्यातून मंगल कार्यालयाच्या शार्पी लाइटी. हे चढउतार एकेक करून वजा केले की तेजोमेघ उरतो. आकाशाचा छायाचित्रकार म्हणवणारा हा गृहस्थ प्रत्यक्षात आयुष्याचा मोठा भाग वाशिम शहर पुसण्यात घालवतो.

इथवर शास्त्र, पुढे मोह. पहिल्या वर्षी रंग इतके चढतात की देवयानी दीर्घिका रंगपंचमी खेळून आल्यासारखी दिसते. दुसऱ्या वर्षी तो नॉइज घासू लागतो आणि तेजोमेघ मेणाचा होतो. तिसऱ्या वर्षी चित्रातले तारे वेगळे काढणारी प्रणाली सापडते. तो तारे काढतो, तेजोमेघ सजवतो आणि तारे परत घालायचे विसरतो. "हे रंग खरे आहेत का?" असे त्याला विचारू नये, उत्तर अर्धा तास चालते. थोडक्यात असे, की मंद प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात, आणि हायड्रोजनचा तांबडा खराच असतो. गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा ही वाटणी हबल दुर्बिणीच्या चित्रांनी रूढ केली. ती अभ्यासाच्या सोयीची आहे, डोळ्याची नव्हे. म्हणून त्याला लबाड म्हणणे अन्यायाचे. आहे ते वाढवणारा प्रामाणिक आणि नाही ते घालणारा लबाड, एवढी साधी रेघ या छंदात अजून पाळली जाते. रेखीवपणा आणणाऱ्या नव्या प्रणालींनी ती जरा पुसट केली आहे, हेही खरे.

समाजाला त्याचा उपयोग काय, हा प्रश्न वारंवार निघतो. गल्लीतली पोरे शनीची कडी पाहायला येतात, पण याच्या दुर्बिणीतून काही दिसत नाही. डोळा लावायच्या जागी कॅमेरा घट्ट बसवलेला असतो आणि तो हलवला तर तासाभराची जुळवाजुळव पुन्हा करावी लागते. पोरे लॅपटॉपवर एक करडा चौकोन पाहून परत जातात. मे 2021 मध्ये पुण्याच्या एका सोळा वर्षांच्या मुलाने 50 हजारांवर फोटो रचून चंद्राचे देखणे चित्र केले, त्याची बातमी देशभर झाली. तेव्हापासून घरात त्याची तुलना एका शाळकरी मुलाशी होते, आणि तीही चंद्रावरून. त्याचे स्वतःचे चित्र अनेक रात्रींनंतर व्हॉट्सअॅपवर जाते, तिथे चुरगळून लहान होते आणि दोन 'शुभ सकाळ'च्या मध्ये पडते. काका हात जोडलेले चिन्ह पाठवतात. त्यांना ते देवाचे चित्र वाटलेले असते.

जानेवारी 2024 मध्ये विदर्भातल्याच पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि तिथल्या गावांतल्या पथदिव्यांची तोंडे खाली वळवली गेली. तेव्हापासून याच्या अर्जांना धार आली आहे. दिवे काढा असे तो म्हणत नाही. दिव्यांना वरून टोपण घाला, उजेड रस्त्यावर पडू द्या, एवढीच मागणी असते आणि ती रास्त आहे; आभाळात जाणाऱ्या उजेडाचे बिलही लोकांच्याच पैशातून जाते. कारकून अर्ज दोनदा वाचतो, दिवा बंद पडल्याची तक्रार समजून आवक क्रमांक टाकतो, आणि काही दिवसांनी माणूस येऊन आधीपेक्षा जास्त वॅटचा दिवा बसवून जातो.

शेजारी असा गृहस्थ राहत असल्यास रात्री दहानंतर गच्चीवरचा बल्ब मालवावा. देवयानी पाहण्यासाठी त्याच्या मागे लागू नये. नोव्हेंबरच्या मध्याला, चंद्र नसताना, रात्री साडेआठच्या सुमारास गावाबाहेर जाऊन उत्तरेला तोंड करावे आणि ऐन डोक्यावरच्या जागेच्या जरा खाली पाहावे. 25 लाख प्रकाशवर्षांवरची ती धूसर दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते.