शून्य मिस

आयर्लंडमधल्या आमच्या ट्रलीत कपडे वाळत नाहीत. स्लीव्ह मिशच्या डोंगरावरून ढग उतरतो आणि थेट दोरीवर मुक्काम ठोकतो. त्यामुळे माझ्या संशोधनाला घरात किंमत होती ती एवढीच, की रात्रभर तापलेल्या लॅपटॉपशेजारी मोजे छान वाळत.

संशोधन म्हणजे काय, तर जन्मालाच न आलेला चार कोअरचा प्रोसेसर जेम-फाइव्ह नावाच्या सिम्युलेटरवर चालवून बघायचा. शेजारच्या कॉर्क परगण्यात जन्मलेल्या पर्सी लडगेटनं १९०९ मध्ये असंच कधीही न बनलेलं गणनयंत्र कागदावर मांडलं होतं. त्याला निदान विजेचं बिल तरी आलं नसेल! जेम-फाइव्ह सगळं टिपून ठेवतो: कुठला डेटा कुठल्या कॅशमध्ये सापडला (हिट), कुठला नाही सापडला (मिस), कोण किती सायकली ताटकळलं. खरी चिप सेकंदाला अब्जावधी सूचना उरकते, हा लाखाच्या घरात रेंगाळतो. त्यात माझे चारही कोअर एकाच थ्रेडवर आळीपाळीनं. नुसतं लिनक्स बूट होईपर्यंत मी दाढी वाढवून घ्यायचो.

मग मला केव्हीएम सापडलं. २००७ पासून ते लिनक्सच्या कर्नेलमध्येच आहे. प्रोसेसरमधल्या व्हर्च्युअलायझेशनच्या जोरावर पाहुण्या सिस्टिमच्या सूचना थेट खऱ्या चिपवर पळवतं. बायॉसमध्ये जाऊन ती सोय चालू केली, स्वतःला केव्हीएम ग्रुपचा सभासद करून घेतलं (महाराष्ट्र मंडळाचाही मी अजून झालेलो नाही), चार कोअरना चार थ्रेड दिले. चहाला उकळी फुटायच्या आत अख्खा प्रयोग संपला!

मोजे ओलेच राहिले. पण मोज्यांकडे बघतो कोण? कॅश मिस: शून्य. चारही कोअरवर शून्य. १९६८ च्या आयबीएम ३६०/८५ पासून भलेभले मिस कमी करता करता म्हातारे झाले, आणि इथे केरीतल्या भाड्याच्या खोलीत मी ते पार संपवले होते. पेपरचं शीर्षक ठरलं. आभारात कोणाकोणाला वगळायचं, तेही ठरलं.

बायको नर्स आहे. नाइट ड्यूटी करून आली, तिला दारातच गाठलं.

"एकदाही मिस नाही?"

"एकदाही नाही!"

"आणि हिट किती?"

खाली स्क्रोल केलं. शून्य.

"आमच्याकडे मॉनिटरवर असं सगळं शून्य दिसलं ना," ती बूट काढत म्हणाली, "तर आम्ही पेढे नाही वाटत."

केव्हीएमवर धावणाऱ्या सूचना सिम्युलेटरच्या कॅशकडे फिरकतच नाहीत. मी रचलेला प्रोसेसर उपाशीच होता, सगळं काम माझ्या जुन्या लॅपटॉपनं केलं होतं. जाणती माणसं बूट तेवढं केव्हीएमवर उरकतात आणि मोजायचा भाग आला की तपशीलवार मॉडेलवर उतरतात. आता मीही तसंच करतो. म्हणजे सुरुवात झोकात, आणि पुढे रखडपट्टी आहेच.

परवा सांगलीहून आईचा फोन आला.

"काम कुठवर आलं रे?"

"अर्धा सेकंद झाला, आई."

"मग उरलेला अर्धा जेवून कर."