ऐंशीच्या आत

आमच्या गाडीला पाच चाकं आहेत. त्यांपैकी चार कंपनीने आम्हाला विकली आणि पाचवं नुसतं सांभाळायला दिलं, असा माझा समज आहे. डिक्कीतला गालिचा उचलला की ते दिसतं. लोखंडी रिम, अंगानं अगदीच किरकोळ. बाकीचे टायर १९५ मिलिमीटर रुंद, हा १२५. आकड्याच्या आधी इंग्रजी टी, म्हणजे टेम्पररी. रिमवर पिवळं लेबल, त्यावर ताटाएवढा ८०, आणि खाली बजावलेलं की हे चाक तात्पुरत्या वापरासाठी आहे, कृपया फार जीव लावू नये. शेवटचं वाक्य लेबलावर नाही, पण सूर तोच.

आता ‘तात्पुरतं’ ही गोष्ट महाराष्ट्रात कुणाला सांगायची? मुंबईत १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा आला, तो तात्पुरता होता. मुदतवाढी घेत घेत तो २००० सालापर्यंत पोचला आणि मग जागा दुसऱ्या कायद्याला देऊन निवृत्त झाला. संक्रमण शिबिरं तात्पुरती असतात. तिथे जन्मलेल्या मुलांची लग्नं तिथूनच लागतात. अशा राज्यात एक चाक विकायचं आणि वर लिहायचं की हे जवळच्या टायरवाल्यापर्यंतच वापरा, याला भाबडेपणा म्हणावं की धाडस?

तशी स्टेपनी मुळात तात्पुरतीच. १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर, डेव्हिस नावाच्या भावांनी एक युक्ती काढली. हवा भरलेल्या टायरची एक रिम पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून आवळायची आणि कसंबसं घर गाठायचं. त्याआधी लोक रस्त्यातच बसून ठिगळं लावत. पुढे तिला बढती मिळाली. पद्मिनी आणि अँबॅसेडरच्या काळात पाचवं चाक इतर चौघांच्याच मापाचं असे, आणि पाचही जण आळीपाळीनं झिजत. मग कंपन्यांना वजन, पैसा आणि डिक्कीतली जागा वाचवायची हुक्की आली आणि चाक पुन्हा बारीक झालं. २०२० मध्ये तर केंद्र सरकारनं सांगून टाकलं की गाडीत हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस टायर दुरुस्त करायचं किट असेल, तर साध्या मोटारीला पाचवं चाक नसलं तरी चालेल. म्हणजे आमच्याकडे आहे ते कृश का होईना, पण आहे, याबद्दल आनंदच मानायचा.

हे सगळं मी मामांना समृद्धी महामार्गावरच्या एका पेट्रोल पंपावर समजावत होतो. मामा वर्ध्याचे, निवृत्त गणित शिक्षक. आम्ही त्यांना पुण्याला घेऊन निघालो होतो. वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव मागे पडलं आणि डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला. सुदैवानं पंप समोरच होता. पुढच्या उजव्या टायरमध्ये स्क्रू निघाला. मामांनी तो आपल्याच नावे आलेल्या पाकिटासारखा निरखून पाहिला.

साध्या रस्त्यावर अशा वेळी काही करावं लागत नाही. कुठल्याही फाट्यावर झाडाला टांगलेला जुना टायर दिसतो, त्यावर चुन्यानं ‘पंक्चर’ लिहिलेलं असतं आणि शेजारी बाजेवर तो कलाकार झोपलेला असतो. समृद्धीवर झाडाला टायर टांगायची सोय नाही. दोन्ही बाजूंना कुंपण. टायरवाला हवा असेल तर इंटरचेंजवरून खाली उतरून गावात जायचं. बाकी टायर या विषयात हा रस्ता भलता कडक. २०२३ मध्ये परिवहन विभागानं महामार्गाच्या तोंडाशीच टायर तपासायला सुरुवात केली होती. गुळगुळीत टायरवाल्यांना मागे फिरवत. नक्षी निदान १.६ मिलिमीटर खोल हवी, हा नियम तर देशभर आहेच. आमच्या पाचव्या चाकाची नक्षी कोरी होती. काही न केल्याचा एवढा तरी फायदा असतोच.

आधी हवा. या चाकाला ६० पीएसआय लागते, इतरांच्या जवळजवळ दुप्पट. अंग बारीक आणि ओझं तेवढंच, त्यामुळे सगळा भार हवेवर. हवा भरणाऱ्या मुलानं साफ नकार दिला.

“काका, साठ ट्रॅक्टरलाबी नाय भरत.”

मी टायरवर कोरलेला आकडा दाखवला. त्यानं तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, मशीन साठवर लावलं, नळी जोडली आणि आठ पावलं मागे जाऊन उभा राहिला. मामाही त्याच्याबरोबर मागे गेले. माझी बायको नळीजवळ उभी राहून फोनवर बोलत होती, ती बोलतच राहिली.

मग खरा वाद सुरू झाला. पंक्चर पुढचं चाक, आणि मी पाना घेऊन मागच्या चाकाकडे निघालो.

“तिकडे काहून चालला बे? पंक्चर इकडे आहे!”

“मामा, मागचं चाक पुढे लावायचं आणि हे छोटं मागे.”

“एक चाक खराब झालं तर दोन काढून राहिला तू?”

गाडीच्या पुस्तिकेत तसंच लिहिलं आहे आणि त्यामागे कारण आहे. आमच्या गाडीला ओढतात पुढची चाकं. वळणं तीच घेतात, आणि ब्रेक दाबला की बहुतेक भार त्यांच्यावरच येतो. छोट्या चाकाचा घेर कमी, म्हणून तेवढंच अंतर कापायला ते जास्त फिरतं. असं चाक पुढे लावलं तर गाडी सरळ चालली असतानाही आतल्या डिफरन्शियलला वाटतं की आपण अखंड वळतोच आहोत, आणि ते बिचारं घासत बसतं. शिवाय ब्रेकच्या वेळी पकडही कमी. मागच्या बाजूला त्याचा उपद्रव कमी होतो. मामांनी घेराचा मुद्दा लगेच मान्य केला, कारण त्यात पाय आर होता. दोन चाकांच्या कष्टाचा मुद्दा मात्र त्यांना शेवटपर्यंत पटला नाही.

गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. नट आधी सैल करायचे, मग जॅक लावायचा. उलटं केलं की चाक हवेत फिरतं आणि नट तिथेच. आवळताना समोरासमोरचे, थोडे थोडे. मामा ओट्यावर बसून मोजत होते. सगळं झाल्यावर गाडी उजवीकडून पाहिली तर पुढच्या पायात बूट आणि मागच्यात स्लीपर.

निघालो, ऐंशीच्या आत, सगळ्यात डावीकडून. या रस्त्यावर मोटारींना १२०ची मुभा, मालवाहू गाड्यांना ८०. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं आम्ही ट्रकच्या जमातीत दाखल झालो. पुढे सिमेंटचा ट्रक, मागे कांद्याचा. क्रूझ कंट्रोल लाव आणि आराम कर, असं मामा सुचवत होते. पण चारांतलं एक चाक वेगळ्याच गतीनं फिरतंय म्हटल्यावर गाडीचा कॉम्प्युटर आधीच संभ्रमात असतो, त्याच्या हाती कारभार देऊ नये. पुढच्या ट्रकपासून अंतरही जरा जास्तच ठेवलं.

कायदा मला त्रास देणार नव्हता. जनता देणार होती. दुचाकीचं स्टँड खाली राहिलं असेल तर चार चौकांपर्यंत पाठलाग करून सांगणारी आपली माणसं. ओढणी, पदर, उघडं दार, चालू राहिलेला इंडिकेटर, काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. आता तर त्यांच्या डोळ्यांसमोर एक बारकं चाक पळत होतं. उजवीकडून जाणारी प्रत्येक गाडी आमच्या बरोबरीला येऊन वेग कमी करायची, काच खाली व्हायची आणि आतून एक हात चाकाकडे बोट दाखवायचा. “टायर! टायर!” एका जीपमधले तर सगळेच ओरडले, आणि शेवटी त्यांच्या आजीबाईंनी आम्हाला हात जोडले. मला नजर समोर ठेवायची होती. बायको प्रत्येकाला मान डोलावून आभार मानत होती, लग्नात स्टेजवर उभं असल्यासारखी. मामा मात्र खिडकीतून उत्तर द्यायचे, “पाय आर! पाय आर!”

थोड्या वेळानं ते गप्प झाले. गणित चाललं होतं.

“नागपूर ते मुंबई सातशे एक किलोमीटर न?”

“हो.”

“ऐंशीनं भागलं तर पावणेनऊ तास. अन् सरकार सांगते आठ तास. पाऊण तासासाठी तू मेहकरले उतरून राहिला? जाऊ दे न असंच पुण्याले.”

उत्तर बरोबर होतं, हीच पंचाईत. तात्पुरत्याला बढती मिळते ती अशीच, चोख हिशेबातून. मी सांगितलं की हे पातळ रबर लांबच्या प्रवासाला केलेलंच नाही. उन्हात, सिमेंटच्या रस्त्यावर ते तापतं, झिजतं, आणि ते फुटलं तर सहावं चाक आपल्याकडे नाही. सहाव्या चाकावर मामा थांबले.

मेहकरला उतरलो. टायरवाल्यानं जुना टायर पाण्यात बुडवून भोक शोधलं, आतून मशरूम पॅच बसवला, हवा भरली आणि म्हणाला, “झाला. लावू का?”

“थांब,” मामा म्हणाले. त्यांनी दुरुस्त टायरवरून हात फिरवला, मग छोट्या चाकाकडे पाहिलं. “चांगला आहे रे हा अजून. डिक्कीत ठेव, उगाच झिजून जाईल.”

टायरवाला माझ्याकडे बघू लागला. मी बायकोकडे.

“ठेवू ना मामा,” ती म्हणाली. “पाहुणे आले की काढू.”

“तेच म्हणतो मी,” मामा म्हणाले आणि चहा सांगायला गेले.